वाचकांचे प्रश्न : ख्यालाला आभासी चित्रांची संगत

प्रश्न : आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक बैठकीत ख्यालगायन चालू असताना एक तरुण सभासद डोळ्यांवर व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी जग) दाखवणारा हेडसेट चढवून तिथल्या तिथे आभासी चित्रे रचणार असून ती गायिकेच्या मागच्या पडद्यावर दिसणार आहेत. ज्येष्ठ मंडळींच्या मते यात उत्स्फूर्त असे काही नसते, संगणकात सगळे आधीच भरलेले असते. खरे काय, आणि परवानगी देताना आम्ही काय पाहावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ज्येष्ठांची शंका निम्मी बरोबर आहे. संगणकात रंग, पोत आणि आकार आधी भरलेले असतातच. पण गायिकेच्या गळ्यातही राग, बंदिश आणि वर्षानुवर्षे घोटलेले पलटे आधीपासून असतात, म्हणून तिच्या उपजेला, म्हणजे गाता गाता सुचलेल्या विस्ताराला, आपण दाद द्यायचे थांबत नाही. साहित्य तयार असले आणि त्याचा क्रम, वेग व विस्तार गाणे ऐकत ठरत असला, तर ती उपज मानावी. बटण दाबताच ठरलेली चित्रफीत सुरू होत असेल, तर ती सजावट. हा प्रकार काही कालपरवाचा नाही. ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हा शब्द रूढ करणारे जेरन लेनियर यांनी १९९२ मध्ये शिकागोत भरलेल्या सिग्ग्राफ या संगणकचित्रांच्या परिषदेत हेडसेट आणि हातमोजा घालून आभासी जगातली वाद्ये लोकांसमोर वाजवली होती, आणि त्यांना आत जे दिसत होते ते प्रेक्षक पडद्यावर पाहत होते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी येथील एका छोट्या सभागृहात आम्ही असाच प्रयोग केला, तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून सगळा आवाज एकत्र संगणकाला दिला होता. आवाजाची पातळी जितकी चढेल तितका लाल रंग पसरावा, अशी योजना होती. तानपुरे जुळले, छेडले गेले आणि गायकाने पहिला षड्ज लावण्यापूर्वीच पडदा काठोकाठ लाल झाला. पुढचा तासभर तो तसाच राहिला. तानपुऱ्याचा नाद थांबत नाही, हे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा गळ्याचा माइक वेगळा, तबल्याचा वेगळा आणि तानपुऱ्याच्या माइकची तार संगणकापर्यंत न्यायचीच नाही, एवढी काळजी आधी घ्यावी.

तालाचेही तसेच. या कामाची बरीचशी सॉफ्टवेअर ढोल-ड्रमच्या समान अंतरावर पडणाऱ्या ठोक्यांवर बेतलेली असतात. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते; तिथे संगणक तबलजीच्या भरणालाच (मात्रांमधल्या जागा भरणाऱ्या बोलांनाच) ठोका समजून बसतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर कान तयार झालेल्या या गावात चित्राची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली, तर मागच्या रांगेतला श्रोताही चुळबुळेल. म्हणून सम संगणकावर सोपवू नये. ती चित्रकाराने स्वतः ऐकावी आणि हातातल्या कंट्रोलरने द्यावी. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) चालू असताना उजव्या हाताने ओढलेली रेघ तितक्याच संथपणे वळावी, गायिका स्वरावर थांबली की हातही थांबावा, आणि तिहाईच्या (तीनदा येणाऱ्या बोलांच्या) अखेरीस समेवर सारे विरून पडदा काळा व्हावा. हे जमायला तालमी लागतात, तेव्हा सभासदाने गायिकेबरोबर किती बैठका केल्या हे अवश्य विचारा. हेडसेटमुळे त्याला गायिकेचा चेहरा दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे; तबलजीला समेआधी जी नजर मिळते, ती त्याला मिळणार नाही.

गाण्यामागे चित्र हवेच कशाला, असे कोणी म्हटले, तर बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्यापूर्वी संगीत नाटकांचे पडदे रंगवत होते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मात्र ते पडदे गात्या नटामागे स्थिर उभे असत. हलणारे चित्र डोळा आधी पळवते, म्हणून माझे मत असे की आलापीच्या काळात पडदा जवळजवळ रिकामाच असावा.

प्रश्न : श्रोत्यांनाही हेडसेट दिले तर चालेल का? चक्कर येते असे ऐकतो.
– एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : पाच-दहा मिनिटांसाठी, निवडक श्रोत्यांना द्यावेत, संपूर्ण मैफलीसाठी देऊ नयेत. डोळ्यांना आपण पुढे सरकतो आहोत असे दिसते आणि कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये मात्र आपण खुर्चीत बसलो आहोत असे सांगतात. या विसंगतीमुळे मळमळते. मान वळवल्यावर चित्र मागे रेंगाळले तर त्रास वाढतो, म्हणून सेकंदाला साधारण ९० चित्रे दाखवणारी यंत्रणा घेतात. आभासी जग श्रोत्याभोवती फिरवू नये, त्याने हवे तर स्वतः मान वळवावी. चित्र आवाजाच्या किंचित मागे राहिले तर मात्र घाबरू नये. आवाजालाच दहा मीटर अंतर कापायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे मागच्या रांगेत तबला तसाही उशिरा पोहोचतो.

आणखी एक. हेडसेट घातलेल्या श्रोत्याची ‘वा’ गायिकेपर्यंत पोहोचते, पण तिचे त्यावरचे मान डोलावणे त्याला दिसत नाही. त्यामुळे हेडसेट द्यायचेच असतील, तर ते मध्यंतरानंतरच्या तराण्याला द्यावेत आणि भैरवीआधी परत घ्यावेत.