बुद्धिबळात एखादी चाल खरोखर ‘ब्रिलियंट’ कशामुळे ठरते?

तुम्ही लिहिलंय की वजीर देऊन डाव जिंकलात, तरी बुद्धिबळाच्या साइटच्या विश्लेषणात त्या चालीला दुहेरी उद्गारचिन्ह, म्हणजे ‘ब्रिलियंट’ची खूण, मिळालं नाही. मग खरी ब्रिलियंट चाल म्हणायची तरी कशाला? साइटचं आधी सांगून टाकतो. डाव आधीच जिंकल्यात जमा असेल आणि साध्या चालीनंही काम होत असेल, तर ती खूण सहसा देत नाहीत. तुमचं तसंच झालं असावं.

पण तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण हाच वाद माझ्यात आणि माझ्या दादात गेली सव्वीस वर्षं चालू आहे.

आम्ही दोघं एकाच स्पर्धेत खेळत होतो. शेवटची फेरी. दादानं वजीर दिला आणि चार चालींत मात केली. त्याच्या पटाभोवती ही गर्दी. मी दोन टेबलं सोडून पलीकडे बसलो होतो. माझ्या पटावर माझा आणि माझ्या प्रतिस्पर्ध्याचा एकेक हत्ती, त्याची दोन प्यादी, माझं एक. त्याचं कडेचं प्यादं मोकळं सुटलेलं, माझं एकुलतं एक दुसऱ्या बाजूला आणि त्याचा राजा त्याच्या जवळ. येणारा जाणारा एक नजर टाकून पुढे जात होता.

प्याद्यानं मागे असताना हत्ती पटावर ठेवायचे, हे आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. हत्तींच्या अंतिम डावात (मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) बरोबरी सुटण्याची आशा असते, नुसत्या प्याद्यांच्या डावात मागे असलेला बहुतेक वेळा हरतोच. मीही हत्तीच्याच चाली बघत होतो. बाजूनं शह, मागून शह, कडेच्या प्याद्याच्या पाठीमागे जाणं. प्रत्येक वेळी पाच-सहा चालींत माझं प्यादं पडत होतं आणि त्याचं पुढे सरकत होतं. हत्तींची मारामारी, म्हणजे अदलाबदल, करायचा विचारही मनात आला नव्हता. म्हणजे आला असेल, पण हातानंच तो बाजूला सारला असेल. मग कधीतरी, सगळे रस्ते बंद झाल्यावर, मी ती मोजायला घेतली. बावीस मिनिटं लागली. मी हत्तीनं हत्ती मारला. त्यानं क्षणाचाही विचार न करता परत मारला.

पुढे काय झालं ते कळायला बुद्धिबळपटू रिचर्ड रेतीची १९२१ सालची रचना, म्हणजे सोडवायला मांडलेलं कोडं, बघा. (घरांच्या नावात ए ते एच हे उभे स्तंभ, १ ते ८ या आडव्या रांगा.) पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. चाल पांढऱ्याची. पांढरा राजा काळ्या प्याद्याला गाठू शकत नाही आणि स्वतःच्या प्याद्यालाही वाचवू शकत नाही, असंच कोणालाही वाटेल. पण राजा तिरका उतरतो: जी७, मग एफ६. पटावर तिरका रस्ता सरळ रस्त्याइतक्याच चालींचा असतो, त्यामुळे एकाच वाटेवर दोन्ही कामं होतात. काळ्यानं प्यादं पळवलं तर पांढरा राजा आपल्या प्याद्यापाशी पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. काळ्यानं राजा आणण्यात चाल घालवली तर पांढरा राजा ई५ वरून मागे वळून एच प्याद्याला गाठतो. बरोबरी.

माझ्या डावात घरं वेगळी होती, वाटेत त्याचं एक प्यादंही मी मारलं, पण युक्ती हीच. बरोबरी सुटली. मी अक्षरशः थरथरत बाहेर आलो आणि दादाला डाव दाखवला. तो म्हणाला, “हत्ती मारलास, त्यानं मारला. पुढचं सगळं पुस्तकातलं. यात तुझं काय?”

यात माझं काय, ते इथं सांगतो. राजा तिरका नेणं रेतीचंच, त्याचं श्रेय मी कधीच मागितलं नाही. रेतीच्या रचनेत चार मोहरे समोर मांडलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पांढऱ्यानं बरोबरी करावी’. माझ्या पटावर खाली काहीही लिहिलेलं नव्हतं. ती स्थिती अजून जन्मालाच आलेली नव्हती, ती आणायची तर मला माझा शेवटचा आधार स्वतःच्या हातानं काढून टाकायचा होता. माझ्या मते ब्रिलियंटपण असतं ते इथं. शिकलेली नजर जी चाल बघण्याआधीच बाद करते, ती पुन्हा उचलून शेवटपर्यंत मोजायची, आणि तिच्यावाचून डाव वाचत नाही हे कळल्यावर ती खेळायची. दिसायला ती कितीही मिळमिळीत असो.

अमेरिकन खेळाडू मार्शलची १९१२ ची ब्रेस्लाउमधली वजीर जी३ ही चाल घ्या. लेवित्स्कीविरुद्ध वजीर अशा घरावर ठेवला की दोन प्यादी आणि एक वजीर, तिघंही त्याला मारू शकत होते आणि कोणी मारला तरी पांढरा संपत होता. नेत्रदीपक चाल, मीही ती लहानपणी भिंतीवर लिहून ठेवली होती. पण मार्शल तेव्हा एका मोहऱ्यानं पुढेच होता. ती नसती सुचली तरी तो जिंकला असता. याउलट शिरोव्हची १९९८ ची लिनारेसमधली उंट एच३, तोपालोव्हविरुद्ध. विरुद्ध रंगांच्या उंटांचा (एकाचा पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या) अंतिम डाव, म्हणजे बरोबरीचं माहेरघर. शिरोव्हचा उंट एफ५ वर होता आणि त्याच्या राजाला पुढे जायला नेमकं तेच घर हवं होतं. उंट कुठंही हलवला असता तर पांढऱ्या राजाला आडवं यायला एक चाल मिळाली असती. एच३ वर तो जी२ च्या प्याद्यावर चालून जातो, त्यामुळे पांढऱ्याला उत्तर द्यावंच लागतं आणि ती एक चाल वाचते. सहा चालींनी तोपालोव्हनं डाव सोडला. लोक म्हणतात ‘उंट दिला’. अहो, उंट दिला नाही, रस्ता मोकळा केला आणि वेळ विकत घेतला!

आणि ब्रिलियंट चाल जिंकवणारीच हवी, हेही मला मान्य नाही. १९५३ च्या झुरिक कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) रेशेव्हस्कीविरुद्ध पेत्रोस्यान अडचणीत होता. त्यानं ई७ वरचा हत्ती शांतपणे ई६ वर ठेवला, उंटानं मारायचा तर मार म्हणून. शह नाही, धमकी नाही. फक्त ई७ घर रिकामं झालं आणि तिथून त्याचा घोडा डी५ वर जाऊन असा बसला की पांढऱ्याची सगळी प्यादी थिजली. डाव बरोबरीत सुटला. त्या एका चालीवर आजही शिकवण्या होतात.

आता दादाच्या बाजूचंही लिहायला हवं. त्याचा वजीर देणं बरोबर होतं, मी इंजिनवर, म्हणजे चाली मोजणाऱ्या संगणक प्रोग्रॅमवर, तपासलंय. त्यानं चारही चाली आधी मोजल्या होत्या, नुसता जुगार नव्हता. वजीर सोडायला छाती लागतेच, आणि सुंदर मात बघून कोणाला आनंद होणार नाही? पण त्याच स्थितीत आणखी दोन चाली जिंकत होत्या. माझं सांगायचं तर राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थिती संगणकानं आता पूर्ण सोडवून ठेवल्यात आणि माझ्या पटावर बरोबर सात होते. गेल्या वर्षी मी ती स्थिती घालून बघितली. एकच चाल बरोबरी देते, बाकी प्रत्येक चाल हरते. दादाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “संगणक सांगतो म्हणून ब्रिलियंट का?”

नाही. संगणकाला ती शोधायला काही कष्ट पडत नाहीत, म्हणून त्याच्या प्रमाणपत्राला तेवढीच किंमत. तुम्हीही त्या खुणेसाठी जीव टाकू नका. तुमचा डाव पुन्हा उघडा आणि वजीर देण्याच्या पाच-सात चाली मागे जा. वजीर देता येईल अशी स्थिती कोणत्या चालीनं आली? तिथं तुम्ही थांबून विचार केला होता का, की ती आपोआप घडली? विचार केला असेल तर तुमची खरी चाल ती. घोड्याची एखादी माघार असेल, नाहीतर एक घर सरकवलेलं प्यादं.

दादा आता खेळत नाही. तरी कोणी विचारलं की त्या डावाबद्दल अजूनही तेच सांगतो, “हत्ती मारला, बाकी काही नाही.” दादा, बावीस मिनिटं मी काय करत होतो, ते एकदा तरी विचार.