प्रशिक्षणं चार झाली, वर्ग मात्र तसाच आहे. वाचन-लेखन शिकवणाऱ्या शिक्षकानं स्वतःत सुधारणा कशी करावी?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेत दुसरी-तिसरी सांभाळता, वाचन-लेखनाची चार प्रशिक्षणं केलीत, तरी तिसरीतल्या नऊ मुलांना साधा उतारा वाचता येत नाही. आता आणखी कोणतं प्रशिक्षण घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी अमरावती जिल्ह्यात बावीस वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहे. पहिली काही वर्षं धारणी तालुक्यात गेली, आता दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आहे. तुमच्यासारखीच मीही बरीच वर्षं पुढच्या प्रशिक्षणाची वाट बघत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात सांगते. पाचवं प्रशिक्षण शोधू नका. त्या नऊ मुलांच्या वह्या पिशवीत टाका, शेजारच्या गावांतले दोन-तीन शिक्षक गाठा आणि त्यांच्याबरोबर बसून त्या वह्या ओळीनं वाचा. मी वाचन शिकवायला शिकले ती अशी बसून.

प्रशिक्षणं वाईट असतात असं नाही. तालुक्याच्या हॉलमध्ये आपण दोनशे जण बसतो, तज्ज्ञ चांगलंच बोलतात, गटात चार्टपेपर रंगवतो, गाणी म्हणतो, खुशीत घरी येतो. सोमवारी वर्गात गेलं की समोर एक मूल रडत असतं, दुसरं पाटी फोडून आलेलं असतं आणि पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा असतो. हॉलमधली पद्धत पहिल्या दिवशी अर्धवट जमते, दुसऱ्या दिवशी बिघडते. का बिघडली हे विचारायला कोणी नसतं, मग तिसऱ्या दिवशी आपण आपल्या जुन्या बाराखडीवर परततो. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकेतल्या दोघांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाचा बराच अभ्यास केला. नुसतं ऐकून आणि बघून नवी रीत वर्गापर्यंत फारशी पोहोचत नाही, आपल्याच वर्गात करून बघताना सोबतीला कोणी जाणतं असेल तर पोहोचते, असं त्यांना आढळलं. हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. तोवर मी दोष स्वतःलाच देत होते.

आता वह्यांबद्दल. दर्यापूरकडे बदली होऊन आले त्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाच्या वहीवर मी इतके लाल गोल केले होते की त्याचे शब्द दिसेनासे झाले. त्यानं लिहिलं होतं: शाया, फया, डोया, पानी, कोन. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही चार शाळांचे पाच शिक्षक एकत्र बसायचो. तेव्हा त्याला बैठक वगैरे नाव नव्हतं, बस यायला वेळ असायचा म्हणून बसायचो. ती वही माझ्या हातात होती. आमच्यातल्या निवृत्तीला आलेल्या बाईंनी ती घेतली, सावकाश वाचली आणि मला विचारलं, "यात पोराचं चुकलं काय? तो घरी शायाच म्हणते ना?"

मी गप्प झाले. मी स्वतः वऱ्हाडी घरातली. माझी आजी डोळ्याला डोयाच म्हणायची. वऱ्हाडीत ळ चा य होतो आणि ण चा न होतो. त्या मुलानं कानानं ऐकलेला प्रत्येक ध्वनी ओळखला होता, त्याचं अचूक अक्षर निवडलं होतं, त्याला काना जोडला होता. म्हणजे लेखनातली सगळ्यात अवघड गोष्ट त्याला जमत होती. त्याला फक्त एवढं सांगायचं राहिलं होतं की आपण घरी ज्याला शाया म्हणतो ते पुस्तकात शाळा असं लिहितात. मी मात्र महिनाभर त्याला 'अक्षर ओळख कच्ची' या रकान्यात टाकून परत क ख ग गिरवायला लावत होते.

त्या दिवसापासून माझ्या फळ्यावर दोन उभे रकाने आले, 'आपण म्हणतो' आणि 'पुस्तक म्हणते'. काया आणि काळा, केय आणि केळं, लोनी आणि लोणी. मुलं घरून शब्द आणू लागली. यात घरची बोली पुसायची नसते, हे मी मुद्दाम सांगते, कारण "शुद्ध बोल" म्हटलं की आपलं लेकरू बोलायचंच बंद होतं. आणि बोलायचं बंद झालेलं लेकरू लिहिणार काय? मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या मराठीतल्या सामाजिक भेदांवर पीएच.डी. केली आणि पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. गावातली माणसं कशी बोलतात याचा आधी अभ्यास आणि मग शाळा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकवलं, पण वऱ्हाडीत ळ चं काय होतं हे कोणी शिकवलं नाही.

दुसरी वही तिसरीतल्या मुलीची होती. ती 'कविता' हा शब्द 'किवता' असा वाचायची आणि तसाच लिहायची. लक्ष नाही, घाई करते, असं आम्ही तिघांनी म्हटलं. चौथ्या सरांनी शब्द फळ्यावर मोठा काढला आणि बोटानं दाखवलं. ऱ्हस्व वेलांटी बोलताना व च्या नंतर येते, पण कागदावर ती व च्या आधी, क च्या शेजारी उभी असते. मुलीनं ती क ची समजली. तिच्या बाजूनं पाहिलं तर तर्क बरोबरच होता. रफाराचंही असंच, 'सूर्य' मध्ये र आधी बोलतो आणि खूण य च्या डोक्यावर काढतो. मग आम्ही ऱ्हस्व वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगाच्या खडूनं लिहायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी चौघांनी येऊन सांगितलं की कोणाला किती जमलं. एकाला जमलं नव्हतं. का जमलं नाही यावर तासभर गेला, आणि तो तास सगळ्यात कामाचा होता.

अशा बसण्याचे आमचे दोनच नियम झाले. वही हुशार मुलाची आणायची नाही. आणि पहिली वीस मिनिटं चुकीवर बोलायचं नाही, या मुलाला काय काय येतं एवढंच शोधायचं. दुसरा नियम पाळणं फार जड जातं. आपला हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

वह्यांइतकंच वाचन ऐकणं गरजेचं आहे. तुमची नऊ मुलं वाचत नाहीत हे तुम्ही ओळखलंत, पण उरलेली वाचतात याची खात्री करून घ्या. आपल्याकडे मुलं धडा पाठ म्हणतात, पुस्तक समोर धरून, बोट फिरवून, अगदी ठेक्यात. तेव्हा चित्र झाका, मधल्याच ओळीतला शब्द विचारा. त्याहून बरं म्हणजे आपल्या हातानं चार ओळी नव्या लिहून द्या, गावातल्याच माणसांच्या. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' पाहणी करते. त्यांची पायरी सोपी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. नऊच्या नऊ मुलांना एकाच रकान्यात टाकू नका. माझ्या अनुभवात 'वाचत नाही' म्हटलेल्या मुलांत तीन-चार वेगवेगळ्या अडचणी निघतात. कोणी अक्षरावर अडलेलं असतं, कोणी मात्रेवर, कोणी जोडाक्षरावर. आणि एखादं सगळं वाचतं, पण काय वाचलं ते त्याला सांगता येत नाही.

अक्षरांच्या क्रमाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे, कंठापासून ओठापर्यंत. रचना म्हणून ती सुंदर आहे, पण त्याच क्रमानं शिकवलं तर ङ, ञ, ढ अशा क्वचित लागणाऱ्या अक्षरांसाठी मूल आठवडे घालवतं आणि एकही शब्द वाचत नाही. क, म, न, ल, र आणि काना एवढंच घेतलं तरी नाक, कान, काम, लाल, काका, मामा, मका होतात. त्यात लगेच एक मात्रा दिली की माझी मुलं 'मले' लिहितात. स्वतःच्या तोंडातला शब्द कागदावर उमटलेला पाहून त्यांचे चेहरे जे होतात, ते तुम्ही एकदा पाहाच.

धारणीत असताना यातलं काही कळत नव्हतं. तिथली मुलं कोरकू बोलायची. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पाण्याचं चित्र दाखवून मी "प पाण्याचा" म्हणायचे आणि मुलांच्या मनात 'डा' यायचं, कारण कोरकूत पाण्याला डा म्हणतात. त्या मुलांना प कसा कळणार होता? तुमच्याकडे कोलामी किंवा गोंडी बोलणारी घरं असतील तर पहिले दोन महिने त्यांच्या शब्दांची यादी करा. गावातली एखादी आजी यासाठी कोणत्याही साधनव्यक्तीइतकी उपयोगी पडते. मी त्या वर्षांत हे केलं नाही, आणि ती मुलं आठवली की अजून वाईट वाटतं.

आता लेखन. इथं मला एक अमेरिकेतलं काम सांगायचंय. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. त्यात शिक्षकच शिक्षकांना शिकवायचे, आणि लेखन शिकवणाऱ्यानं आधी स्वतः लिहायचं, असा आग्रह होता. पुढे ते काम त्यांच्या देशभर पसरलं. मी हे आमच्या शनिवारच्या मंडळींना सांगितलं आणि आम्ही वीस मिनिटं लिहायला बसलो. विषय होता 'शाळेतला माझा पहिला दिवस'. ताई, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या सरांच्या दोन ओळी झाल्या. माझ्या पाच झाल्या, त्यातल्या तीन मी खोडल्या. वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा घशाला कोरड पडली. आणि आपण मुलांना 'माझा आवडता सण' सांगून पंधरा मिनिटांत दहा ओळी मागतो, त्याही फळ्यावरच्या!

त्यानंतर मी ठरावीक दहा ओळी फळ्यावर लिहून देणं बंद केलं. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडाभर गैरहजर राहून आलेल्या चौथीतल्या एका मुलाला मी हजेरीबद्दल काही बोलले नाही, काय केलंस ते लिही म्हटलं. त्यानं लिहिलं: "आमी वावरात कापूस येचाले गेलो. मायच्या बोटाले बोंडाचं टोक लागलं. रगत निंगालं. म्या चिंधी बांधली. माय मने तू शायेत जा." मी ते तीनदा वाचलं. एकही दुरुस्ती केली नाही. फक्त विचारलं, मग तू काय म्हणालास? तो जागेवर जाऊन आणखी दोन ओळी लिहून घेऊन आला. पुस्तकी मराठीत आम्ही ते नंतर, वेगळ्या पानावर, दोघांनी मिळून लिहिलं.

सरकारी बाजूही तुमच्या उपयोगाची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितलाय. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षणाचे पायाभूत साक्षरतेचे भाग आहेत. ते प्रमाणपत्रासाठी भराभर पुढे ढकलू नका. एक भाग पाहा, त्यातली एकच गोष्ट निवडा, दोन आठवडे फक्त तीच करा आणि शनिवारी त्याबद्दल बोला. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे वह्यांसाठी चाळीस मिनिटं मागा. आमच्या केंद्रात पहिल्यांदा नाही म्हणाले, तिसऱ्या वेळी हो म्हणाले, कारण तोवर आमच्याकडे दाखवायला वह्या होत्या.

वेळेची अडचण खरी आहे. ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, सर्वेक्षणं, यातून शनिवारचे दोन तास काढणं सोपं नाही, आणि हे शिक्षकांनी स्वतःच्या वेळेत करावं लागतं याचा मला राग आहे. तरी पंधरवड्यातून एकदा जमवा. दोघीच असाल तरी चालेल. जूनअखेर शाळा उघडताच सुरुवात करा, दिवाळीनंतर वेचणीत मुलं फुटतात आणि आपणही पांगतो. पहिल्या वेळी तीनच वह्या न्या, आणि लाल पेन शाळेत ठेवून जा. तुमच्या नऊ मुलांपैकी कोण कुठं अडलंय हे कळलं की इथंच खाली लिहा, जोडाक्षरांवर अडलेल्यांसाठी आम्ही काय केलं ते मी तेव्हा सांगेन.