सेनापतीवरचा आरोप सिद्ध कसा होतो?

प्रश्न : काँगोतला बंडखोर नेता थॉमस लुबांगा याच्या खटल्यात बालसैनिकांच्या साक्षी न्यायालयाने बाजूला ठेवल्या, तरी त्याला शिक्षा झाली. यावरून आमच्या मंडळात बरीच वादावादी झाली. साक्षीच गेल्या, तर उरले काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : उरले ते चित्रीकरण आणि इतर साक्षीदारांच्या साक्षी. लुबांगावर आरोप होता तो पंधरा वर्षांखालच्या मुलांना भरती केल्याचा आणि लढाईत उतरवल्याचा. 12 फेब्रुवारी 2003 रोजी तो रुवाम्पाराच्या प्रशिक्षण तळावर गेला, तेव्हा कॅमेरा चालू होता. समोर उभ्या मुलांपैकी काही उघड उघड पंधराच्या आतली दिसतात. चेहऱ्यावरून वय ठरवताना चूक होते, म्हणून शंकेला जागा असलेली मुले न्यायाधीशांनी धरलीच नाहीत. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2012 मध्ये त्याला 14 वर्षांची शिक्षा दिली.

साक्षी का फसल्या? हे सारे घडले त्या काँगोच्या इतुरी भागात फिरणे धोक्याचे, म्हणून तपास अधिकाऱ्यांनी साक्षीदार शोधायला स्थानिक मध्यस्थ नेमले आणि त्यांच्यावर पुरेशी नजर ठेवली नाही. काही मध्यस्थांनी मुलांना खोटे बोलायला लावले असावे, असे न्यायालयाला दिसले. आधीच पोळलेल्या मुलांच्या वाट्याला हेही यावे, याचा आम्हाला संताप येतो. म्हणून पहिला जबाब मुलाच्याच शब्दांत, त्याच दिवशी उतरवावा. त्याला कोणी आणले, खोलीत कोण होते, प्रवासखर्च कोणी दिला, हेही त्याच कागदावर यावे. वयासाठी शाळेचे दाखलखारीज रजिस्टर लगेच पाहावे. गाव जळाले की तेही जाते.

प्रश्न : सेनापतीने लेखी हुकूमच दिला नसेल तर?
– कायद्याची विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : रोम कराराचे, म्हणजे हे न्यायालय ज्या कराराने उभे राहिले त्याचे, कलम 28 लावता येते. आपल्या ताब्यातले सैनिक गुन्हे करताहेत हे त्याला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, आणि तरी त्याने ते रोखले नाहीत वा दोषींवर कारवाई केली नाही, एवढे दाखवावे लागते. अवघड जागा शेवटची. काँगोतलाच दुसरा बंडखोर नेता ज्याँ-पिएर बेंबा याला 2016 मध्ये याच कलमाखाली दोषी धरले, 18 वर्षांची शिक्षा झाली; 2018 मध्ये अपिलात तो सुटला. त्याचे सैन्य परदेशात, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात होते, आणि तिथे कारवाई करण्यातल्या त्याच्या अडचणी खालच्या न्यायालयाने नीट तोलल्या नाहीत, असे बहुमताने ठरले. तेव्हा अत्याचारांची यादी कितीही मोठी असली, तरी बिनतारी संदेशांच्या नोंदी, बदल्या आणि चौकशीचे कागद हाती नसतील तर खटला वरच्या पायरीवर कोसळतो.