रोजच्या निर्णयांत देवाची इच्छा काय आहे हे कसं ओळखायचं?

दर वेळी वेगळा संकेत शोधत बसू नका, जे उघड चुकीचं आहे ते आधी बाजूला काढा, मनापासून प्रार्थना करा आणि उरलेल्यातून नीट विचार करून निवडा. गीतेत 18व्या अध्यायाच्या 63व्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, म्हणजे स्वतःची बुद्धी वापरणं हाही श्रद्धेचाच भाग झाला ना. जे झालं ते देवाची इच्छा म्हणून स्वीकारायचा प्रश्न येतो तो नंतर, रिझल्ट हवा तसा आला नाही की, आणि खरं अवघड तेच आहे. फक्त कुणी तुमच्यावर अन्याय करत असेल तर तो देवाची इच्छा समजून सहन करू नका.