इंग्रजी इंडी (छोट्या स्वतंत्र टीमचा) गेम जपानमध्ये काढायचाय. जपानी भाषांतर आधी करून घेऊ की प्रकाशक आधी शोधू?

दोन्ही नंतर. तुमचा गेम युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे आणि 12 हजार शब्दांचा आहे, तर आधी तो जपानी अक्षरं पेलतो का ते बघा.

रोजच्या वापरातल्या कांजींच्या (चिनीतून आलेल्या जपानी अक्षरांच्या) सरकारी यादीत 2136 अक्षरं आहेत. एका अक्षराला 48 पिक्सेलचा चौकोन धरला तर 2048 × 2048 च्या टेक्स्चरवर (फॉन्टची अक्षरं ज्यात भरतात त्या चित्रावर) 1764 मावतात, म्हणजे ही यादीसुद्धा पुरी बसत नाही. 4096 च्या टेक्स्चरवर 7225 बसतात. स्वस्तातला उपाय म्हणजे अंतिम मजकुरात आलेली तेवढीच अक्षरं फॉन्टमध्ये भरायची. पण खेळाडूला स्वतःचं नाव टाइप करू देत असाल तर हा उपाय फसतो, कारण भरलेलं नसलेलं अक्षर आलं की रिकामा चौकोन दिसतो. चिनी फॉन्टवर काम भागवू नका. 'सरळ' अर्थाच्या कांजीचा युनिकोड क्रमांक दोन्ही भाषांत एकच, वळण मात्र वेगळं, आणि जपानी खेळाडूला ते पहिल्याच संवादात खुपतं. नोटो सान्स जेपी मोफत आहे. विकतचा फॉन्ट घेतलात तर गेममध्ये भरायचा परवाना त्यात आहे का, ते तपासा.

जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. त्यामुळे ओळ कुठेही तुटते आणि पूर्णविराम किंवा छोटा 'त्सु' (जोडाक्षरासारखा उच्चार दाखवणारं छोटं अक्षर) पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. हे टाळण्याच्या नियमांना 'किन्सोकु' म्हणतात. टेक्स्टमेशप्रोच्या (युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या साधनाच्या) सेटिंग्जमध्ये अशा अक्षरांच्या दोन फाइली असतात, त्या जोडल्यात ना बघा.

कोडमध्ये 'तुला मिळाले' + आकडा + वस्तू अशी जोडाजोड असेल तर ती मोडून पूर्ण वाक्याचा साचा करा. मराठीसारखंच तिथेही क्रियापद शेवटी येतं. शिवाय मोजायचा प्रत्यय वस्तूप्रमाणे बदलतो: कागदाला 'माई', लांबट वस्तूला 'होन', लहान प्राण्याला 'हिकी'.

मग भाषांतराचा तक्ता. खरं भाषांतर इथेच बनतं किंवा बिघडतं. प्रत्येक ओळीपुढे कोण बोलतंय, कोणाशी, दोघांचं वय आणि नातं, किती अक्षरं मावतात आणि एक स्क्रीनशॉट, एवढं हवंच. मराठीत आपण तू की तुम्ही एवढंच ठरवतो, जपानीत 'मी'सुद्धा निवडावा लागतो: दांडगट 'ओरे', मवाळ 'बोकु', शिष्ट 'वाताशी', म्हातारबुवांचा 'वाशी'. 'अंडरटेल' या इंडी गेमच्या अधिकृत जपानी आवृत्तीत सान्स हे पात्र स्वतःला 'ओइरा' म्हणतो आणि त्या एका शब्दाने पात्राचा रंग ठरतो. नुसत्या ओळींची सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) पाठवलीत तर अनुवादक अंदाजाने 'मी' निवडेल आणि तिसऱ्या प्रकरणात तोच माणूस वेगळा बोलेल. (सीएसव्ही यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, बीओएमसह म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या खुणेसह ठेवा, नाहीतर एक्सेलमध्ये अक्षरांचा चिवडा होतो.)

सगळे 12 हजार शब्द लगेच करू नका. स्टोअरचं पान आणि डेमो, मिळून दीडेक हजार शब्द, चांगल्या अनुवादकाकडून करून घ्या आणि ते घेऊन प्रकाशकाकडे जा. ओसाकाची प्लेइझम ही प्रकाशन कंपनी बाहेरचे इंडी गेम घेते. क्योतोत 2013 पासून भरणारं बिटसमिट हे इंडी गेमांचं प्रदर्शन भेटीगाठींसाठी उत्तम.

वयोगटाचं प्रमाणपत्र: निन्टेन्डो ई-शॉप या ऑनलाइन दुकानात फक्त डिजिटल विकायचं तर आयएआरसी हे आंतरराष्ट्रीय मानांकन चालतं. दुकानात विकायचा डबा काढायचा तर सेरो या जपानी संस्थेचं मानांकन लागतं, त्याचा वेळ आणि पैसा वेगळा धरा.

करार संपल्यावर जपानी मजकूर कोणाचा, हे सहीआधी लिहून घ्या. भाषांतराचा खर्च प्रकाशकाने केला असेल तर तो मजकूर त्याच्याकडेच राहू शकतो, आणि मग तुमच्या गेममधून जपानी भाषाच काढावी लागते.