अडवलेले हल्ले नेमके कुणाचे?

प्रश्न: मी घरी बसून काही लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. विंडोज ११चा लॅपटॉप आहे. एका कंपनीच्या फायरवॉलची महिन्याची फुकट ट्रायल घेतली होती. ती संपत आली तसा रोज लाल चौकटीत निरोप येतो : ‘आतापर्यंत १,१४२ हल्ले रोखले. वर्गणी भरा, नाहीतर तुमचा संगणक असुरक्षित होईल.’ मुलगा म्हणतो, काढून टाक. पण लोकांचे आर्थिक कागद माझ्याकडे असतात, त्यामुळे धीर होत नाही. काय करू?

उत्तर: ताई, मुलाचं ऐका. फायरवॉल म्हणजे संगणकात येणारी-जाणारी जोडणी तपासून नको ती अडवणारा राखणदार प्रोग्रॅम, आणि तसा एक विंडोजमध्ये आधीच असतो. फक्त काढून टाकण्याआधी त्या १,१४२ हल्ल्यांची यादी एकदा उघडून बघा. अशा प्रोग्रॅममध्ये ‘लॉग’ किंवा ‘हिस्ट्री’ नावाचा कोपरा असतोच. तिथे प्रत्येक नोंदीपुढे समोरच्या यंत्राचा आकडी पत्ता आणि पोर्टचा, म्हणजे जोडणी ज्या दारातून होते त्याचा, क्रमांक दिलेला असतो. पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल, तर तो ‘हल्लेखोर’ बहुधा तुमच्याच घरात आहे : राउटर, प्रिंटर, टीव्ही, नाहीतर मुलाचा फोन. पोर्ट ५३५३ किंवा १९०० दिसला, तर ही यंत्रं ‘इथे आणखी कोण आहे?’ असं एकमेकांना विचारत असतात, त्याचीच ती नोंद. हे विचारणं दिवसभर चालू असतं. प्रिंटरची विचारपूस हल्ला म्हणून मोजायची आणि तो आकडा लाल चौकटीत दाखवून वर्गणी मागायची, ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

खरी टेहळणी होतच नाही असं नाही. २३, ४४५, ३३८९ हे पोर्ट कुठे उघडे सापडतात का, हे चाचपत स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटभर अखंड फिरत असतात. पण त्यांतले बहुतेक घरच्या राउटरपाशीच अडतात. आतून कुणी मागवलेलंच नाही असं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, बाहेरून आलं, की ते कुणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. त्यातून काही आत आलंच, तर विंडोजची स्वतःची फायरवॉल असते. तिचे पैसे तुम्ही विंडोज घेतानाच भरलेत.

एके काळी गोष्ट वेगळी होती. २००१मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद अवस्थेत, आणि तिचा पत्ता फार थोड्यांना होता. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर हा वर्म, म्हणजे आपला आपण एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्रॅम, पोर्ट १३५मधून शिरू लागला. त्याला कुणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. इंटरनेट जोडलं की थोड्याच वेळात पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक आपोआप रीस्टार्ट व्हायचा. तेव्हा मीही येईल त्याला वेगळी फायरवॉल बसवायला सांगत असे. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आला, त्यात ही फायरवॉल मुळातच चालू करून दिली होती, आणि बाहेरून आत येणाऱ्यांपुरता प्रश्न बराचसा मिटला.

म्हणजे आज विकत मिळतं ते मुख्यतः उलट दिशेचं काम : आपल्याच संगणकातला कुठला प्रोग्रॅम बाहेर कुणाशी बोलतोय ते दाखवणं आणि हवं तर अडवणं. विंडोजला एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून हेही येतं, पण नियम आपण लिहावे लागतात. न लिहिल्यास ती जाणाऱ्याला जाऊ देते. विकतची फायरवॉल दर वेळी विचारते. खरी मेख इथेच आहे. समजा, हिशेब लिहिता लिहिता पॉपअप आला : ‘एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सईला इंटरनेटशी जोडायचं आहे. परवानगी द्यायची की ब्लॉक करायचं?’ काय दाबाल? त्या एका नावाखाली विंडोजच्या कितीतरी सेवा चालतात, अपडेट आणणारीसुद्धा त्यांतच. माझ्याकडे आलेल्या एका संगणकावर मालकाने घाबरून ‘ब्लॉक’ दाबलं होतं आणि विंडोजचे अपडेट कित्येक महिने येतच नव्हते. बहुतेकांचं याच्या उलट होतं. चार-आठ पॉपअप झाले की माणूस न वाचता ‘परवानगी’ दाबत सुटतो, आणि मग त्या वर्गणीतून विकत घेतलेली गोष्ट म्हणजे रोज थोडी जास्त क्लिकं.

तुमच्या कामात धोका येईल तो बहुधा ईमेलमधून, ‘बिल सोबत जोडलं आहे’ म्हणत. ती फाइल तुमचाच मेल प्रोग्रॅम आणतो, उघडता तुम्ही. फायरवॉलच्या लेखी त्यात वावगं काहीच नसतं. आत शिरलेला शहाणा व्हायरस ब्राउझरच्या आडून बाहेर बोलतो, आणि ब्राउझरला तर तुम्ही पहिल्याच दिवशी कायमची परवानगी दिलेली असते. खोट्या पानावर स्वतः टाईप केलेला पासवर्डही फायरवॉल अडवू शकत नाही.

शिवाय फायरवॉल हाही एक प्रोग्रॅमच, तोही संगणकात खोलवर रुतलेला. मार्च २००४मधला विटी हा वर्म ब्लॅकआइस ही फायरवॉल आणि त्याच कंपनीच्या इतर सुरक्षा उत्पादनांमधल्या चुकीतूनच शिरला होता. सुमारे १२,००० संगणकांना त्याने गाठलं आणि त्यांच्या डिस्कवर जागोजागी कचरा लिहून ठेवला. ज्यांच्याकडे ही उत्पादनं नव्हती, त्यांच्या वाटेला तो गेलाच नाही. म्हणून विकत घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ‘असलेली बरी’ एवढ्या कारणावर असला प्रोग्रॅम बसवू नये.

कुणी घ्यावी? कुठलं सॉफ्टवेअर कुठे माहिती धाडतं याची ज्याला मनापासून उत्सुकता आहे आणि पहिले काही आठवडे पॉपअप वाचून नियम घडवायची चिकाटी आहे, त्याने. त्यालाही मी आधी टायनीवॉल हा प्रोग्रॅम वापरून बघायला सांगेन. तो फुकट आहे, विंडोजच्याच यंत्रणेवर चालतो आणि पॉपअप दाखवत नाही. यादीत नसलेल्या प्रोग्रॅमला तो गुपचूप अडवतो. त्यामुळे पहिल्या दिवशी निम्म्या गोष्टी बंद पडल्यासारख्या वाटतील, आणि काय सोडायचं ते स्वतः सांगावं लागेल.

आता तुमचं काम. दुसरी फायरवॉल बसली की विंडोजची बाजूला होते. म्हणून ट्रायलवाला प्रोग्रॅम काढा, संगणक रीस्टार्ट करा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’तल्या ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये जा. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्ही प्रकारच्या नेटवर्कपुढे ‘ऑन’ दिसलं पाहिजे. मुदत संपलेली ट्रायल नुसती पडून राहणं सगळ्यांत वाईट, कारण मग राखण नेमकं कोण करतंय हेच कळत नाही. बाहेरच्या वाय-फायला जोडताना ‘पब्लिक’ निवडा. विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका : मे २०१७मध्ये वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वर्मने विंडोजमधल्या ज्या चुकीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. आणि वर्गणीचे पैसे वाचतील त्यांतून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. हिशेबांची प्रत तिच्यावर काढा आणि काम झालं की ती लॅपटॉपपासून काढून ठेवा. ट्रायल घेताना कार्डाचा नंबर दिला असेल, तर आपोआप रिन्यू होण्याची सोय आजच बंद करा. प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही.

प्रश्न: माझ्या मॅकवर फायरवॉल बंद दिसते. लिटल स्निच घ्यावं का?

उत्तर: आधी सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली जाऊन तिथली फायरवॉल चालू करा. ती फक्त बाहेरून येणारी जोडणी अडवते. लिटल स्निच बाहेर जाणाऱ्यांवर नजर ठेवतं. ती हवी असेल तर तेच काम करणारा लुलू हा प्रोग्रॅम फुकट आहे, तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं. लिटल स्निच जास्त तपशील दाखवतं आणि दिसायलाही देखणं आहे. त्याचा डेमो तीन तास चालून थांबतो, पण पुन्हा सुरू करता येतो. आठवडाभर तसंच वापरा. पुन्हा सुरू करायचा कंटाळा आला, तर विकत घेऊ नका.