वेगळं झाल्यावर लगेच लांब जावं का?

ताई, वेगळं व्हायचं ठरलंय, मुलगी आठ वर्षांची, घराचं कर्ज दोघांच्या नावावर, आणि आता आईवडिलांच्या गावी कायमचं जावं की इथेच भाड्याने राहावं, असा तुमचा पेच आहे. माझं मत स्पष्ट सांगते: आत्ता कायमचं काहीच ठरवू नका. आता जे घर घ्याल ते तात्पुरतं आहे असंच धरून चाला.

वेगळी झालेली माणसं एकदाच घर बदलतात आणि स्थिरावतात असं आपल्याला वाटतं, पण तसं क्वचितच होतं. एक जण घाईत बाहेर पडतो, मिळेल त्या खोलीत राहतो. दुसरा जुन्या घरात थांबतो आणि एकट्याच्या पगारावर हप्ता झेपत नाही म्हणून काही काळाने तोही निघतो. पेटेके फाइटन आणि मार्टेन व्हान हॅम या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या लोकांच्या आयुष्यभराच्या घरबदलांचा अभ्यास करून 2007 मध्ये हेच मांडलं. वेगळं झाल्यावर घरं बदलणं वाढतं, लोक शहराकडे वळतात, आणि मुलं असतील तर फार लांब जात नाहीत. शहराकडे जाण्याचं कारण साधं आहे: एकट्याला परवडणारी लहान भाड्याची घरं आणि कामं तिथेच जास्त असतात.

मुलं असली की अंतर हाच कळीचा मुद्दा होतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात वडिलांनी घाईघाईत दूर एक खोली घेतली. शनिवारी मुलगा यायचा तो दप्तर पाठीवरून न काढताच बसायचा. गणिताची वही कायम दुसऱ्या घरी राहिलेली असायची. वर्षभराने ते शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आले, घर आधीपेक्षा लहान होतं. त्यांनी मुलाला एक कप्पा रिकामा करून दिला, टूथब्रश आणि वह्यांचा दुसरा संच तिथेच ठेवला. मग तो आठवड्यातल्या इतर दिवशीही येऊ लागला. म्हणून सांगते, एखादी खोली कमी असली तरी चालेल, पण शाळा आणि दुसरं घर जवळ हवं. काही जोडपी मुलांना जुन्याच घरात ठेवून स्वतः आळीपाळीने राहायला येतात. काही महिन्यांसाठी ते ठीक आहे, पण त्यासाठी दोघांमध्ये बऱ्यापैकी सलोखा लागतो आणि खर्चही वाढतो.

आईवडिलांकडे जाण्यात कमीपणा अजिबात नाही. हातात पैसा नसताना आणि मूल सांभाळायला कोणी हवं असताना तो मोठा आधार असतो. फक्त मुलीला दुसऱ्या शहरात नेण्याआधी वकिलाला विचारा. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते. परदेशी न्यायचं असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. मुलांना बेकायदा परदेशी नेण्याबाबतचा 1980 चा आंतरराष्ट्रीय हेग करार मान्य केलेल्या देशांमध्ये संमतीशिवाय नेलेलं मूल परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो.

आता कर्ज. इथे लोक सर्वात जास्त फसतात. घटस्फोटाच्या कागदात ‘घर तिचं, हप्ते तिचे’ असं लिहिलं तरी बँक त्या कागदाला बांधील नसते. कर्जावर दोघांची नावं आहेत तोवर हप्ता चुकला की बँक दोघांच्याही मागे लागते. बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत किंवा एकाच्या नावावर नवं कर्ज होईपर्यंत हे ओझं राहतं, आणि तोवर तुम्हाला स्वतःसाठी दुसरं कर्ज मिळणंही अवघड जातं. घर ठेवायचा मोह होतो, मुलीसाठी तर जास्तच. पण हप्ता, दुरुस्ती आणि कर हे सगळं एका पगारात बसतं का ते आधी कागदावर मांडून बघा.

भाड्याचं घर घेताना मुदतीआधी सोडता येईल अशी अट करारात घालून घ्या. मालक कुरकुर करतात, तरी आग्रह धरा. कर्ज किती बाकी आहे आणि मुलगी कोणाकडे किती दिवस राहणार हे दोघांत ठरलंय का, तेवढं इथे लिहा, मग पुढचं नेमकं सांगते.